कातळसड्यावरच्या एका पावसाच्या वनस्पती : बी ते बी

सडेकर | २ जुलै, रात्री ९:१०

दर भाद्रपदात सड्यावरच्या (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरच्या) फुलांचे फोटो येतात, कुणीतरी नाव विचारतं, कुणीतरी सांगतं आणि धागा बंद पडतो. इथे फुलाच्या आधीचं आणि नंतरचं बोलू या. विषय फक्त एवढाच : पावसात उगवून, फुलून, बी टाकून त्याच पावसाळ्याअखेर मरणाऱ्या वनस्पती. उरलेले सात-आठ महिने त्या फक्त बी म्हणून असतात. रॉनकियर या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने अशांना थेरोफाइट म्हटलं. आपण एकपावसाळी म्हणू.

आधी चाळणी लावतो, कारण पावसात उगवलेलं दिसलं म्हणजे ते एकपावसाळी असतंच असं नाही. वायतुरा, दीपकाडी, आषाढ आमरी, चवर, कंदीलपुष्पं, फोडशी, काळी मुसळी या सगळ्यांची शिदोरी जमिनीत कंदात किंवा जाड मुळात असते. वरचं वाळतं, झाड मरत नाही. टोपली कारवी तर सात वर्षांनी फुलणारं झुडूप आहे, तिचा इथे संबंध नाही.

खरे एकपावसाळी म्हणजे सीतेची आसवं, गवती दवबिंदू, गेंदाच्या बहुतेक जाती (सगळ्या नाहीत, एरिओकॉलॉन ट्यूबरिफेरम कंदवाला आहे), तेरडा, सोनकी, कवला, जांभळी मंजिरी आणि बोटभर उंचीची कितीतरी गवतं.

ढोबळ नियम : पहिल्या जोरदार पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत फूल दिसलं, तर खाली कंद आहे असं धरून चाला. बीपासून सुरुवात करणाऱ्याला मुळं, पानं, दांडा सगळं शून्यातून उभं करायचं असतं. त्याला तेवढ्यात जमत नाही.

---

जांभाचिरा | २ जुलै, रात्री १०:०२

चांगला विषय. मातीच्या खोलीचं माझ्याकडून. सड्यावर कोण कुठे उगवेल हे जवळजवळ सगळं दोन गोष्टी ठरवतात : जांभ्यावर माती किती आणि पाणी किती दिवस टिकतं.

उघडा कातळ, माती नाहीच : शेवाळ, दगडफूल, काळे पडणारे नील-हरित शैवालाचे थर. पाऊस थांबला की तासाभरात कोरडा.

बोटाच्या एका पेराएवढी माती, वरून पाणी झिरपतंय : सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू. ही माती धुपून धुपून नत्र आणि स्फुरदाला इतकी मुकलेली असते की इथे उंच गवताला पोसणंच परवडत नाही. म्हणून तर किडे पकडून खाणारे सीतेची आसवं आणि दवबिंदू इथे तग धरतात. सीतेच्या आसवांना खरी मुळंच नसतात. जमिनीखालून पसरणाऱ्या दोऱ्यासारख्या खोडांवर बारीक पिशव्या असतात आणि मातीतल्या पाण्यात फिरणारे सूक्ष्म जीव त्या ओढून घेतात.

चार-सहा बोटं माती साठलेल्या खाचा : कवला, सोनकी, तेरडा. इथे गवताशी स्पर्धा सुरू होते.

पाणी साठणारी डबकी : रोटाला (छोटी पाणवनस्पती), जांभळी मंजिरी, डबक्यातले गेंद. उगवणं पाण्याखाली किंवा चिखलात, फुलणं पाणी उतरू लागल्यावर. डबक्यातल्या गेंदाचा दांडा पाण्याच्या खोलीप्रमाणे लांबतो, म्हणून उंचीवरून जात ओळखायला जाऊ नका.

या चार जागा एकमेकींपासून हातभर अंतरावर असू शकतात. एकाच सड्यावर एकाच दिवशी एक गेंद बी टाकून मोकळा आणि शेजारचा कळीत, असं दिसतं ते यामुळे.

---

नदीकाठ | ३ जुलै, सकाळी ७:४५

प्रश्न दोन. एक, ऑक्टोबरात बी सांडतं तेव्हा जमीन ओलीच असते, मग ते तेव्हाच का उगवत नाही? दोन, मे महिन्यातल्या वळवाने ही मंडळी फसत नाहीत का?

---

गेंदफूल | ३ जुलै, दुपारी १:२०

नदीकाठ, पहिल्याचं उत्तर : ताजं बी झोपलेलं असतं. बाहेरून पूर्ण पिकलेलं दिसतं, ओलावा मिळाला तरी आतला गर्भ वाढायला तयार नसतो. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर काही महिने काढल्यावर ही झोप हळूहळू सैल होते. म्हणजे आपल्याला वाया गेलेला वाटणारा उन्हाळा हा या चक्रातला आवश्यक टप्पा आहे. ताजं बी लगेच पेरून ‘उगवलं नाही, बी खराब’ म्हणणारे इथेच चुकतात.

कवल्याची गोष्ट वेगळी. तो शेंगवर्गातला, त्याचं बीकवच कठीण. पाणी आतच जात नाही. दिवसाचा ताप आणि रात्रीचा गारवा यांनी कवच कुठेतरी तडकतं, तेव्हा पाणी शिरतं. सगळ्या बियांची कवचं एकाच वर्षी तडकत नाहीत.

यातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. वळवाने काही बिया फसतात, अगदी खात्रीने फसतात. मेच्या शेवटी दोन मोठ्या सरी आल्या, मग बारा-पंधरा दिवस ऊन, की खाचांतली हिरवी लव करपते. पण फसतो तो साठ्याचा एक भाग. बाकीच्या बिया खोल फटीत असतात, पुरेशा भिजलेल्या नसतात किंवा अजून झोपेत असतात. डॅन कोहेन या जीवशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हे गणितात मांडलं : वर्ष कसं जाईल याचा भरवसा नसेल, तर सगळं बी एकाच हंगामात लावणारी वनस्पती एका वाईट वर्षात संपते. थोडं राखून ठेवणारी टिकते. त्यांचा विचार वाळवंटी वनस्पतींचा होता. आपल्याकडे पाऊस बक्कळ, पण पेरभर मातीत पाणी टिकत नाही म्हटल्यावर हिशेब तोच.

बारीक बियांना आणखी एक अट असते, उजेड. गेंद, दवबिंदू, सीतेची आसवं यांचं बी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं असतं. आत शिदोरी जवळजवळ नाही. अर्धा सेंटिमीटर खाली गाडलं गेलं तर कोंब वर पोचण्याआधीच संपेल. म्हणून अंधारात ते उगवतच नाही, वर उकरलं जाईपर्यंत थांबतं.

---

पायवाट | ३ जुलै, रात्री ८:३०

तेरड्याबद्दल थोडं. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हे एका फुलापुरतं बऱ्यापैकी खरं आहे, झाडापुरतं नाही. झाड कित्येक आठवडे फुलत राहतं. एकेक फूल आधी नर अवस्थेत असतं. पुंकेसरांची टोपी स्त्रीकेसरावर बसलेली असते, ती गळून पडली की खालचं स्त्रीकेसर उघडं होतं आणि फूल मादी अवस्थेत जातं. त्यामुळे त्याच फुलाचा पराग त्यालाच लागणं टळतं. मागच्या वाकड्या नळीत मध असतो.

फळाची साल पाच पट्ट्यांनी जोडलेली, ताणलेली. पिकल्यावर जरा धक्का लागला की त्या पट्ट्या गुंडाळतात आणि बी उडतं. पण उडून उडून जाणार किती? एक-दोन मीटर. म्हणून तेरडा दरवर्षी त्याच खाचेत दाट दिसतो. सोनकीच्या बीला केसांची छत्री असते, ती वाऱ्यावर जाते. गेंदाचं बी पाण्यासोबत वाहतं, त्यामुळे तो ओहळाच्या रेषेत पट्ट्यापट्ट्याने उगवलेला दिसतो.

---

आर्द्रा | ४ जुलै, सकाळी ११:१५

शाळेच्या निसर्गमंडळासाठी (आठवी-नववी) यावर काही करायचं आहे. आठवड्यातून एकदा सडा गाठता येतो. फोटो काढण्यापलीकडे काय करावं, नेमकं सांगा.

---

सडेकर | ४ जुलै, रात्री ९:५०

आर्द्राताई, कायम चौकट लावा. पद्धत अशी :

अर्धा मीटर बाजूचा चौकोन पीव्हीसी नळीचा करा (पाऊण इंची नळी, चार एल्बो, आत वाळू भरली की वाऱ्याने हलत नाही). दर १० सेंटिमीटरवर भोक पाडून नायलॉनचा दोरा ओवा. २५ घरं होतील. मीटरभर बाजूची चौकट घेऊ नका. मधली घरं बघायला मुलं आत पाय टाकतात.

सुरुवातीला चौकटी पाचच, पण वेगवेगळ्या जागी : दोन पेरभर मातीच्या, दोन खाचेच्या, एक डबक्याच्या काठाची.

जागा पुन्हा सापडणं हीच खरी अडचण आहे. फोनचं जीपीएस तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, अर्ध्या मीटरच्या चौकटीला त्याचा उपयोग नाही. न हलणारे दोन मोठे दगड निवडा. दोन्हींपासून चौकटीच्या एकाच कोपऱ्यापर्यंतची अंतरं टेपने मोजून लिहा. दोन अंतरांनी दोन बिंदू निघतात, म्हणून ‘दगडांच्या दर्याकडच्या बाजूला’ अशी खूणही लिहा. खिळे ठोकू नका, जांभा फुटतो.

मातीची खोली : विणकामाची सुई पाच ठिकाणी हलकेच टोचून मिलिमीटरमध्ये. एकदाच, जूनमध्ये.

दर आठवड्याला प्रत्येक जात किती घरांत आहे ते मोजा, रोपं मोजू नका. सीतेच्या आसवांची रोपं मोजताच येत नाहीत, जमिनीखाली एकाच रोपाचे पाच दांडे असू शकतात. ‘२५ पैकी १७ घरं’ हा आकडा दोन मुलांनी स्वतंत्र मोजला तरी जवळपास सारखा येतो.

अवस्थेला आकडा द्या : ० बीजपर्ण (बीमधून निघणारी पहिली पानं), १ पानं, २ कळी, ३ फूल, ४ हिरवं फळ, ५ बी सांडलं, ६ वाळलं. एका घरात दोन अवस्था असतील तर दोन्ही लिहा.

पंधरा दिवसांनी एकदा गेलात तर छोट्या जातींचा फुलोरा निसटेल. शक्यतो दर आठवड्याला, त्याच वेळी जा. मर्डानियासारख्या छोट्या वनस्पतींची फुलं ठरावीक काही तासच उघडी असतात, सकाळी आठला ‘फूल नाही’ लिहिलं तर नोंद चुकीची ठरेल. सकाळी अकरा ते दुपारी एक बरं पडतं.

---

जांभाचिरा | ४ जुलै, रात्री १०:४०

वरच्यात भर. मुलांचे बूट घरून निघताना ब्रशने घासून घ्या, तळव्याच्या खाचांतला चिखल काढा. गाजर गवत रस्त्याच्या कडेने येतं आणि बुटांवरून सड्यावर चढतं. ओल्या शेवाळावर घसरणं नक्की, म्हणून उघड्या खडबडीत जांभ्यावरूनच चाला, हिरव्या-काळ्या चकचकीत भागावरून नको. चौकटीपाशी एका वेळी दोघंच. भिजलेल्या पेरभर मातीत पाऊल पडलं की ती दाबली जाते, तिथे पाणी साठतं आणि पुढच्या वर्षी तिथली यादीच बदललेली दिसते.

---

कोरडवाहू | ५ जुलै, सकाळी ६:५५

एवढं सगळं कशाला? उगवण मृगात, फुलोरा उत्तरा-हस्तात, इतकं सोपं आहे. कासला सप्टेंबरात जा, सगळं दिसतं.

---

सडेकर | ५ जुलै, सकाळी ९:३०

कोरडवाहू, कासपुरतं बरंचसं चालेल. पण तेच वेळापत्रक रत्नागिरी-राजापूरच्या सड्याला लावलंत तर गडबड होते. कास साताऱ्याच्या पश्चिमेला साधारण १२०० मीटरवर आहे. पाऊस ओसरल्यावरही धुकं आणि गारवा जमीन ओली ठेवतात. कोकणातले सडे त्या मानाने समुद्रसपाटीलगतच. पाऊस उघडला की चार दिवसांत कातळ तापतो. तिथे हस्ताची वाट बघाल तर बरेच गेंद वाळून गेलेले मिळतील.

मुळात ही मंडळी तारीख बघत नाहीत, माती सलग किती आठवडे भिजलेली आहे ते बघतात. श्रावणात दहा दिवस उघडीप पडली तर पातळ मातीतला गेंद दोन पानं आणि एकच बोंड घेऊन फुलतो. बोंडात मोजकी फुलं, पण बी होतं. तीच जात डबक्याकाठी सात-आठ बोंडांची. बुटकं रोप बघून ‘वेगळी जात सापडली’ असे फोटो दरवर्षी येतात, त्यातले बरेच असे उपाशी गेंद असतात.

---

नदीकाठ | ५ जुलै, दुपारी ४:१०

मातीत किती बी शिल्लक आहे ते घरी तपासता येतं का?

---

गेंदफूल | ५ जुलै, रात्री ११:०५

येतं, पण आधी परवानगीचं. कास राखीव वनात आहे. तिथली माती, बी, रोप काहीही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय उचलायचं नाही. कोकणातले बरेच सडे खासगी किंवा गावाचे आहेत, तिथे मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारा. जिथे उद्या चिरेखाण सुरू होणार आहे तिथली माती तपासणं सगळ्यात उपयोगाचं.

वेळ : एप्रिलअखेर ते मेचा दुसरा आठवडा, वळवाच्या आधी. तेव्हा उन्हाळ्याची झोप जवळजवळ उतरलेली असते आणि उगवण सुरू झालेली नसते.

१० × १० सेंटिमीटरचा तुकडा, २ सेंटिमीटर खोलीपर्यंत खरवडा. म्हणजे २०० मिलिलिटर माती. असे पाच नमुने, पाच कागदी पिशव्यांत. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. खडे आणि मुळं काढा, ढेकळं हाताने फोडा, बारीक चाळणीने चाळू नका.

जाळीच्या तळाचा २० × २० सेंटिमीटरचा ट्रे घ्या. खाली ३ सेंटिमीटर धुतलेली वाळू, वर हा नमुना जेमतेम ५ मिलिमीटर जाडीने पसरा. २०० मिलिलिटर बरोबर मावतात. थर जाड झाला की खालच्या बारीक बियांना उजेड मिळत नाही आणि साठा कमी असल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

शक्य असेल तर प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा (मग ट्रे निम्म्या आकाराचा). एक सतत ओला, दुसरा बादलीत ठेवून मातीवर २ सेंटिमीटर पाणी. डबक्यातल्या जाती दुसऱ्यातच उगवतील.

पाणी पावसाचंच. नळाचं पाणी क्षारांमुळे वर पांढरा थर धरतं, दवबिंदूला ते मारकच. खालून पाणी द्या, वरून झारीने दिलं तर बिया एका कोपऱ्यात वाहून जातात. शेजारी एक ट्रे नुसत्या धुतलेल्या वाळूचा ठेवा. त्यात जे उगवेल ते वाऱ्याने आलेलं, यादीतून वजा करायचं. हा ट्रे नसेल तर मोजणीला अर्थ नाही.

रोप ओळखू आलं की मोजून काढून टाका. ओळखू येत नसेल तर अलगद वेगळ्या कुंडीत हलवून फुलेपर्यंत थांबा. गेंदाची जात ओळखायला बोंडातलं फूल आणि बी भिंगाखाली लागतं, पानावरून सांगणारे अंदाज करतात.

---

पायवाट | ६ जुलै, सकाळी ८:२०

गेंदफूल, +१. एक शंका : ट्रेवर हिरवा शेवाळाचा थर चढतो आणि उगवण थांबते, तेव्हा काय?

---

गेंदफूल | ६ जुलै, सकाळी १०:००

पाणी सतत काठोकाठ ठेवल्याने आणि सावलीने होतं. ट्रे उघड्या उन्हात, वर फक्त डासांची जाळी. पाण्याची पातळी मातीच्या एक सेंटिमीटर खाली आणा. थर जाड झालाच तर दोन दिवस वरून सुकू द्या, तडे गेले की चिमट्याने पापुद्रे उलटे करून तिथेच ठेवा. फेकू नका, बिया त्याच पापुद्र्यात अडकलेल्या असतात.

---

आर्द्रा | ६ जुलै, रात्री ९:००

मुलांना दवबिंदू कुंडीत दाखवता येईल का? सड्यावरून उपटून नाही, हे समजलं.

---

जांभाचिरा | ६ जुलै, रात्री ९:४५

रोपवाटिकेत वाढवलेल्याचं बी मिळालं तर येईल. मिश्रण : धुतलेली जाड वाळू एक भाग, पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) एक भाग. कोकोपीट वापरायचंच असेल तर चार-पाच वेळा पावसाच्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यातलं मीठ हेच मरणाचं मुख्य कारण. खत अजिबात नाही, कंपोस्टही नाही. कुंडी बशीत, बशीत दीड-दोन सेंटिमीटर पाणी. पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ५० च्या आत असलं तर निर्धास्त, १०० च्या वर गेलं तर पाणी बदला. बी वर भुरभुरवायचं, माती टाकायची नाही. ऊन पूर्ण. सावलीत रोप हिरवं, लुळं होतं आणि केसांवर चिकट थेंब धरत नाहीत.

फुलून बी धरल्यावर रोप काळं पडून मरेल. मुलं ‘पाणी कमी पडलं’ म्हणून ओततील. आधीच सांगून ठेवा.

पण शाळेसाठी त्याहून सोपा आपला बागेतला तेरडा. जूनमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, आठवड्याच्या आसपास उगवतो, साधारण दोन महिन्यांत फुलतो, गौरीला उपयोगी पडतो आणि बीही हाताने उडवता येतं. बी धरायला फुगलेल्या फळाला मलमलची छोटी पिशवी बांधा. आतलं बी तपकिरी हवं, पांढरं काढलं तर फुकट. दाट पेरून पाणी तुंबलं की खोड जमिनीलगत कुजतं आणि रोपं एका रात्रीत आडवी होतात. रोपांत वीतभर अंतर ठेवा.

---

कोरडवाहू | ७ जुलै, सकाळी ७:३०

बरं, चराईचं काय? गुरं बंद केली की फुलं वाढतात ना?

---

सडेकर | ७ जुलै, रात्री १०:१५

कासच्या कुंपणावरून यावर पुष्कळ भांडण झालं आहे. माझं मत स्पष्ट : सरसकट बंदी नको. चार बोटं माती असलेल्या जागी गुरं गेली नाहीत तर उंच गवत वाढतं, वाळून तिथेच पडतं आणि पुढच्या जूनमध्ये त्या गादीखाली उजेड न मिळाल्याने बारीक बी उगवत नाही. हलकी चराई हे गवत खाली ठेवते. उलट डबक्याकाठी गुरं बसायला लागली की शेणाने नत्र वाढतं, कीटकभक्षींची सोयच संपते आणि पाणथळ तण येतं. पेरभर मातीच्या जागी गुरांना खायला फारसं नसतंच, तिथे त्रास खुरांचा. म्हणजे एकाच सड्यावर तीन जागी तीन उत्तरं. आर्द्राताईंच्या चौकटी तीन-चार वर्षं चालल्या तर यावर बोलायला आकडे तरी असतील.

---

नदीकाठ | ८ जुलै, सकाळी ८:०५

शेवटचं. बी तपासायचा ट्रे पहिल्या पावसाळ्यानंतर टाकून द्यायचा का?

---

गेंदफूल | ८ जुलै, सकाळी ११:४०

मुळीच नाही. ऑक्टोबरात पाणी बंद करा. ट्रे जाळी लावून, पाऊस लागणार नाही पण ऊन लागेल अशा जागी मेपर्यंत कोरडा ठेवा. रोपं बी टाकू द्यायची नाहीत, नाहीतर पुढच्या वर्षीची मोजणी नव्या बियांची होईल. जूनमध्ये माती काट्याने उलटीपालटी करून पुन्हा भिजवा. दुसऱ्या वर्षी उगवलेली रोपं वेगळ्या रकान्यात लिहा, तीच राखून ठेवलेली पुंजी. कवल्यासारख्या कठीण कवचाच्या जाती तिसऱ्या वर्षीही निघू शकतात. ट्रेवरच्या पट्ट्या पेन्सिलने लिहा, मार्करची शाई उन्हात वर्षभर टिकत नाही.